‘चवीपुरतं मीठ’ म्हणजे नेमकं किती?

प्रश्न थोडक्यात असा आहे: “मी नुकतंच आहारतज्ज्ञ म्हणून काम सुरू केलंय. रक्तदाबाचे रुग्ण येतात, मीठ कमी करा म्हटलं की मान डोलावतात, पंधरा दिवस काटेकोर पाळतात आणि महिन्याभरात पुन्हा मूळ पदावर. माझं समजावणं कमी पडतंय का? या लोकांना पथ्यावर टिकवायचं कसं?”

तुमचं समजावणं कमी पडत नसावं. उलट जरा जास्तच होत असेल. मी या कामात तेवीस वर्षं आहे आणि पहिली पाच-सहा वर्षं मीही तेच करत होते. मिठाने रक्तदाब का चढतो, मूत्रपिंड काय करतं, रक्तवाहिन्यांवर ताण कसा येतो, सगळं चित्र काढून सांगायचे. शेवटी हातात छापील कागद, त्यावर वर्ज्य पदार्थांची लांबलचक यादी. तो कागद घरी जाऊन फ्रिजवर चिकटायचा. नव्याचे नऊ दिवस सरले की त्याच्यावर विजेचं बिल चिकटायचं.

मीठ वाईट, हे रक्तदाबाच्या माणसाला आपल्याकडे येण्याआधीच पाठ असतं. आपण किती मीठ खातो आणि ते येतं कुठून, हे मात्र त्याला माहीत नसतं. आपल्यालाही नसतं. तरी आपण “कमी करा” म्हणून मोकळे होतो. कशापेक्षा कमी?

जागतिक आरोग्य संघटनेचा आकडा तुम्हाला पाठ असेल: दिवसाला २००० मिलिग्रॅमपेक्षा कमी सोडियम, म्हणजे ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ, म्हणजे सपाट चहाच्या चमच्याहूनही थोडं कमी. जगाची सरासरी याच्या दुप्पट, जवळजवळ ११ ग्रॅम आहे. पण हा आकडा स्वयंपाकघरात कुणाच्याच उपयोगाचा नाही. तिथे मिठाचं माप एकच, ‘चवीपुरतं’, आणि ते हाताच्या सवयीत असतं. म्हणून मी आता पहिल्या भेटीत पथ्य देतच नाही. एक गृहपाठ देते: मिठाचं नवं पाकीट फोडाल त्या दिवशी त्यावर पेनाने तारीख लिहा, संपेल त्या दिवशी दुसरी तारीख लिहा आणि ते रिकामं पाकीट घेऊन या.

एक जोडपं आठवतं. काका निवृत्त, स्वभावाने शिस्तीचे, सोबत रक्तदाबाच्या नोंदींची वही. बसल्या बसल्या म्हणाले, “मॅडम, मी वरून मीठ घेतच नाही. कधीच नाही.” काकू काही बोलल्या नाहीत. महिन्याभराने पाकीट घेऊन आले. एक किलोचं, घरात माणसं चार, दोन तारखांमधलं अंतर पंचवीस दिवस. काकांनीच वहीच्या मागच्या पानावर भागाकार मांडला: हजार भागिले चार, भागिले पंचवीस. दहा ग्रॅम. पाव, बिस्किटं, सॉस अजून त्यात धरलेच नव्हते. “म्हणजे मी न घेता दहा ग्रॅम?” असं म्हणून त्यांनी वही काकूंकडे सरकवली. काकू हळूच म्हणाल्या, “घालते मीच की.”

हा क्षण सांभाळायला शिका. इथे दोष स्वयंपाक करणाऱ्या माणसावर गेला, तर ते घर तुमच्याकडे परत येणार नाही. मी काकूंना एवढंच म्हटलं, की तुमच्या हाताला चव आहे म्हणून तर पाकीट इतकं भरभर संपतं. आता तेवढीच चव कमी मिठात आणायची आहे आणि ते काम काकांना जमण्यासारखं नाही, तुम्हालाच जमेल. त्या हसल्या. तिथून पुढचं सगळं बोलणं मी त्यांच्याशीच केलं.

पथ्य रुग्णाचं असलं तरी माझ्यापुरता रुग्ण म्हणजे घरात पातेल्यासमोर उभा असलेला माणूस. तो भेटीला आला नाही तर फोनवर घ्या. आणि “त्यांच्यापुरतं वेगळं अळणी शिजवा” हा सल्ला कधीही देऊ नका. दोन पातेली फार दिवस चालत नाहीत. शिवाय एकट्याने अळणी घास गिळताना बाकीच्यांकडे बघावं लागतं, त्याने माणूस आधी चिडतो आणि मग चोरून खातो. सगळ्या घराचं मीठ एकदम थोडं उतरवा. पाच ग्रॅमची मर्यादा तशीही मोठ्या माणसांसाठी सरसकट आहे, रक्तदाब असो वा नसो.

स्वयंपाक करणाऱ्याची जीभ जुन्याच मिठाला सरावलेली असते, ही अडचण खरी. तो चाखून मीठ घालणार, म्हणजे त्याच्या जिभेच्या हिशेबाने घालणार. म्हणून चाखून घालायचं बंद, मोजून घालायचं सुरू. सकाळी एका छोट्या डबीत दिवसाचं मीठ काढून ठेवायचं आणि दिवसभराचा सगळा स्वयंपाक त्या डबीतून करायचा. चार माणसांच्या घरी माणशी दहा ग्रॅमचं, म्हणजे दिवसाला चाळीस ग्रॅमचं मान असेल, तर डबीत सुरुवातीला ३५ ग्रॅम. दोन आठवड्यांनी ३०. मग २६. घाई करायची नाही.

आता मीठ येतं कुठून हे. १९९१ साली अमेरिकेत ६२ जणांच्या आहाराचा बारकाईने हिशेब मांडला गेला. त्यात ७७ टक्के सोडियम कारखान्यात तयार झालेल्या पदार्थांतून आलेलं निघालं. शिजवताना घातलेलं ५ टक्के आणि ताटात वरून घेतलेलं ६ टक्के. जिथे घरी शिजवायची पद्धत जास्त आहे तिथे हे चित्र उलटं होतं आणि मोठा वाटा पातेल्यातून येतो. समोरचं घर यातलं कुठलं, हे विचारल्याशिवाय कळत नाही. पण दोन्हीकडे एक गोष्ट सारखीच: ज्यावर सगळे तुटून पडतात ती मीठदाणी सहसा मुख्य गुन्हेगार नसते.

यावरचा १९८७ सालचा एक प्रयोग मला फार आवडतो. सहभागी लोकांच्या जेवणातलं सोडियम जवळजवळ निम्म्यावर आणलं आणि ताटाशी मीठदाणी ठेवली, हवं तितकं घ्या म्हणून. तेरा आठवड्यांच्या त्या प्रयोगात लोकांनी वरून घेऊन भरून काढलेलं मीठ काढलेल्या मिठाच्या वीस टक्क्यांहूनही कमी होतं. माणसं थोडीच होती, पण स्वयंपाकघरात हे मला पुन्हा पुन्हा दिसलंय. पदार्थाच्या आत मुरलेल्या मिठाचा बराच भाग जिभेला न भेटताच पोटात जातो. वर भुरभुरवलेलं मीठ थेट जिभेवर विरघळतं, त्यामुळे चिमटीभरात काम होतं.

म्हणून माझा सल्ला ऐकून नवे सहकारी दचकतात: मीठदाणी टेबलावरून उचलू नका. शिजवतानाचं मीठ हळूहळू निम्म्यावर आणा आणि बारीक छिद्रांची मीठदाणी ताटाशेजारी ठेवा. माणसाला आपल्या हातात काहीतरी आहे असं वाटतं, आणि त्या भावनेची किंमत पथ्यात फार मोठी असते. अट एकच, आधी घास खायचा, मग मीठदाणीला हात लावायचा. काही महाभाग न चाखताच पाऊस पाडतात. त्यांच्यासाठी मीठदाणी दर रविवारी वजनकाट्यावर ठेवायला सांगते. आठवड्याला एका माणसामागे सात-आठ ग्रॅमच्या वर गेली, तर हा मार्ग त्याचा नव्हे.

मीठ कुठून काढायचं याचाही क्रम असतो. पहिल्यांदा जिथे कुणाच्या लक्षातही येणार नाही तिथून: भाताच्या पाण्यातलं, पीठ मळतानाचं, कडधान्य उकडतानाचं. हे पदार्थ कशाबरोबर तरी खाल्ले जातात आणि त्या ‘कशा’त मीठ असतंच. मग रस्से आणि सूप. सगळ्यात शेवटी तो एक पदार्थ, ज्याच्यावर माणसाचा जीव असतो. मी सरळ विचारते, “कशातलं मीठ कमी झालेलं तुम्हाला अजिबात चालणार नाही?” जे उत्तर येईल ते कागदावर वरच लिहिते आणि पुढे लिहिते: याला हात लावायचा नाही. रुग्णाचे खांदे खाली येतात ते दिसतं. आपण सगळंच हिरावून घ्यायला बसलेलो नाही, हे त्याला तिथे कळतं.

बऱ्याच जणांची तक्रार असते, “अळणी तर लागतंच, पण भाजी कडूही लागते.” याला नाटक समजू नका. मीठ खारटपणा आणतं तसंच कडवटपणा झाकतंही. झाकण काढल्यावर खालचं दिसणारच. म्हणून सुरुवातीच्या महिन्यात कडवट पालेभाज्यांवर प्रयोग करू नका. गाजर, भोपळा, मटार, टोमॅटो, कांदा अशा अंगच्या गोडव्याच्या भाज्या घ्या, नीट परतून किंवा भाजून. भाजल्याने येणारा खमंगपणा मिठाची उणीव बरीच भरून काढतो. लिंबू किंवा व्हिनेगर गॅस बंद केल्यावर, अगदी शेवटी. आंबटपणामुळे आहे ते मीठ जास्त जाणवतं. लसूण, मिरी, भाजलेलं जिरं, ताजी कोथिंबीर यांना मोकळीक द्या. तयार मसाल्यांची पाकिटं मात्र उलटी करून वाचा, बऱ्याच मिश्रणांत मीठ आधीच असतं.

आता तुमच्या मूळ दुखण्याकडे. महिन्याभरात लोक मूळ पदावर का येतात? जिभेला कमी मिठाची सवय व्हायला साधारण दोन ते तीन महिने लागतात. ती झाली की जुनं जेवण खारट लागायला लागतं, हे प्रयोगांतही दिसलंय आणि रोजही दिसतं. तुमचा रुग्ण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात सोडतो, म्हणजे जीभ बदलायच्या अर्ध्या वाटेवर. उत्साह ओसरलेला असतो आणि चव अजून आलेली नसते. हे त्याला पहिल्याच दिवशी सांगून ठेवा: “तिसरा आठवडा सगळ्यात वाईट जाणार आहे. तेव्हा मला फोन करा.” मी तर पुढची भेट मुद्दाम तिसऱ्या आठवड्यातच ठेवते. बहुतेक ठिकाणी दोन-तीन महिन्यांनी बोलावतात, तोवर गाडी रुळावरून उतरून गंजलेली असते.

दुसरी मदत रक्तदाबाच्या यंत्राची. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २१३ मध्यमवयीन आणि वयस्क लोकांना एक आठवडा भरपूर सोडियमचा आणि एक आठवडा अगदी कमी सोडियमचा आहार दिला. दोन्ही आठवड्यांत वरच्या आकड्याचा सरासरी फरक ८ होता. म्हणजे परिणाम बघायला वर्ष थांबावं लागत नाही. शंकेखोर रुग्णाला मी म्हणते, “माझ्यावर विश्वास ठेवू नका, आठ दिवस करून बघा.” सकाळ-संध्याकाळ, पाच मिनिटं शांत बसून, प्रत्येक वेळी दोनदा मोजायचं आणि आठवड्याची सरासरी काढायची. एकेका आकड्यावर जीव टाकायचा नाही. मात्र आशा भलती वाढवू नका. एरवीच्या आयुष्यात रक्तदाब असलेल्या माणसाने चार-साडेचार ग्रॅम मीठ कमी केलं, तर वरचा आकडा सरासरी ५ च्या आसपास उतरतो. कुणाचा बारा, कुणाचा जेमतेम दोन. भाज्या, फळं, कडधान्यं वाढवून त्याच्या जोडीला मीठ उतरवलं तर आणखी फरक पडतो. २००१ सालच्या ४१२ जणांच्या प्रसिद्ध ‘डॅश-सोडियम’ अभ्यासात (डॅश म्हणजे असाच भाज्या-फळांवर भर देणारा आहार) रक्तदाबाच्या रुग्णांमध्ये हा फरक सरासरी साडेअकरा निघाला होता, पण तिथे सगळं जेवण संशोधकांनी पुरवलेलं होतं. आकडा सांगताना हे सांगायला विसरू नका. वीसची आशा लावून माणूस घरी गेला आणि यंत्राने सहा दाखवले, तर तो पथ्य सोडणार आणि वर तुम्हाला खोटं ठरवणार.

वजनकाटाही बोलका असतो. एक लिटर सलाइनमध्ये ९ ग्रॅम मीठ असतं. शरीरातही मीठ साठलं की त्याच्या जोडीला साधारण त्याच हिशेबाने पाणी धरून ठेवलं जातं. खारट जेवणाच्या दुसऱ्या दिवशी वजन अर्धा-एक किलोने वर दिसतं ते बरंचसं पाणी. बोटातली अंगठी घट्ट झाल्याचं रुग्ण स्वतःच सांगतो.

पाकिटांचं बोलते. पाकिटावर सोडियम लिहिलेलं असतं, मीठ नव्हे. अडीचने गुणलं की मीठ. १०० ग्रॅममागे १२० मिलिग्रॅमपर्यंत सोडियम म्हणजे कमी, ६०० च्या वर म्हणजे जास्त. ब्रिटनमध्ये पाकिटांवरचे हिरवे-लाल रंग याच हिशेबाने असतात. जिभेवर भिस्त ठेवू नका. पावाच्या एका कापात १०० ते २०० मिलिग्रॅम सोडियम सहज असतं आणि तो कुणालाच खारट लागत नाही. सोया सॉसचा एक मोठा चमचा म्हणजे ९०० च्या आसपास. खाण्याच्या सोड्यात तर वजनाच्या पाव भागाहून जास्त सोडियमच आहे, चहाचा एक चमचा १२०० च्या वर जातो. पाण्यात फसफसणाऱ्या गोळ्यांकडे सगळ्यांचाच कानाडोळा होतो. काहींच्या एकेका गोळीत ४०० मिलिग्रॅमच्या आसपास सोडियम असतं, म्हणजे दुखण्यावर दिवसात चार घेतल्या की जवळजवळ दिवसाचा कोटा संपला. सैंधव, गुलाबी, समुद्री, काळं यांवर वाद घालण्यात वेळ दवडू नका. वजनाला वजन लावलं तर सोडियम जवळपास तेवढंच.

एका गृहस्थांचं काही केल्या जमेना. पाकिटाचा हिशेब चांगला, घरचा स्वयंपाक अळणीच म्हणावा असा, तरी दाब हलेना. शेवटी चोवीस तासांची लघवी तपासली, कारण खाल्लेलं बहुतेक मीठ तिथूनच बाहेर पडतं. सोडियम १९० मिलिमोल, म्हणजे साधारण ११ ग्रॅम मीठ. ते खोटं बोलत नव्हते. रात्री ‘हलकं’ म्हणून पाकिटातलं सूप पीत होते, दोन वाट्या, वर पावाचे तीन काप. मी महिनोन्‌महिने त्यांना “काय शिजवता?” विचारत होते, सूप शिजवावं लागतच नव्हतं, नुसतं उकळतं पाणी ओतायचं. ही तपासणी चोर पकडायला वापरू नका. दोघांचंही घोडं अडलं असेल तेव्हाच वापरा.

कमी सोडियमच्या मिठाबद्दल प्रश्न येणारच. यात सोडियम क्लोराइडचा काही भाग पोटॅशियम क्लोराइडने बदललेला असतो. चीनच्या ६०० खेड्यांत जवळजवळ २१,००० लोकांवर झालेल्या आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ७५ टक्के सोडियम, २५ टक्के पोटॅशियमचं मीठ वापरणाऱ्यांत पक्षाघाताचं प्रमाण १४ टक्क्यांनी कमी निघालं. चवीत फार फरक नाही, सवय बदलावी लागत नाही, म्हणून टिकायला हे सगळ्यात सोपं. पण इथे माझी एक चूक सांगते. माझ्या जुन्या छापील कागदात ‘कमी सोडियमचं मीठ वापरा’ अशी एक ओळ होती, पुढे काहीही नाही. एका बाईंनी इमानदारीने ती पाळली. त्यांचं मूत्रपिंड अर्ध्याहून कमी चालत होतं आणि त्या रक्तदाबासाठी टेल्मिसार्टनची गोळी घेत होत्या. या दोन्हींमुळे पोटॅशियम शरीराबाहेर कमी पडतं. रक्तातलं पोटॅशियम ६ च्या वर, म्हणजे धोक्याच्या पातळीला गेलं. सुदैवाने दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या तपासणीत ते सापडलं, नाहीतर हृदयाचे ठोके बिघडले असते. तो कागद मी त्याच दिवशी फाडला. मूत्रपिंडाचा आजार, रामिप्रिल किंवा टेल्मिसार्टनच्या गटातली औषधं, लघवी वाढवणारं स्पायरोनोलॅक्टोन, यांतलं काहीही असेल, तर रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंड किती चालतंय ते सांगणारा आकडा) आणि पोटॅशियम बघून डॉक्टरांनी हो म्हटल्याशिवाय हे मीठ नाही. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२५ मध्ये या मिठाची शिफारस करताना मूत्रपिंडाचे रुग्ण, गरोदर स्त्रिया आणि मुलं वगळली आहेत.

तसंच, सगळ्यांनाच रेटायचं नसतं. मोजकंच खाणारे, लघवी वाढवणारी गोळी घेणारे ऐंशीच्या घरातले आजोबा मीठ तोडायच्या नादात जेवणच तोडतात आणि रक्तातलं सोडियम घसरून गोंधळल्यासारखे वागायला लागतात. मानसिक आजारासाठी लिथियम घेणाऱ्याचं मीठ एकदम कमी झालं तर औषधाची पातळी विषारी होऊ शकते. जुलाब-उलट्या चालू असतील तेव्हा पथ्य बाजूला. आणि पथ्य लागू पडून उठताना चक्कर यायला लागली, तर गोळीचा डोस डॉक्टरांकडून बघून घ्यावा. स्वतःहून गोळी सोडणं नाही.

पथ्य मोडण्याबद्दल थोडं. ते मोडणारच. प्रवास, बाहेरचं जेवण, कंटाळा. खरं नुकसान दुसऱ्या दिवशीच्या “मोडलंच आहे तर आता काय” या विचाराने होतं. म्हणून मी हिशेब दिवसाचा ठेवतच नाही, आठवड्याचा ठेवते: पस्तीस ग्रॅम. एका जेवणात सहा-सात उडाले तरी आठवडा शिल्लक असतो. आणि “पथ्य पाळलंत का?” हा प्रश्न विचारूच नका, त्याचं उत्तर ‘हो’ हेच येतं. “या आठवड्यात कुठे अडलं?” असं विचारा, मग माणूस बोलतो.

काका-काकूंचं दुसरं पाकीट तेहतीस दिवस पुरलं, तिसरं एकेचाळीस. म्हणजे माणशी सहा ग्रॅमच्या जरा वर. गोळी तीच, वरच्या आकड्याची सरासरी सातने उतरली. काका म्हणत होते की जावयाकडचं जेवण हल्ली फार खारट झालंय. काकूंची तक्रार वेगळीच होती. पाकीट इतके दिवस उघडं राहतं की शेवटी शेवटी मिठाला ओल येते, म्हणून आता त्या अर्ध्या किलोचं आणतात. भागाकार करताना हजाराऐवजी पाचशे घ्या, असं त्यांनी मला दोनदा बजावलं.